शिवारातील अंकगणित

प्राथमिक शाळेतील अंकगणित रुक्ष असल्याचा आरोप वारंवार होतो. परंतु ज्या हौदाचे नळ कोणी पाहिले नाहीत, त्यांच्या उदाहरणांवर पोसलेल्या मुलाने दुसरे काय म्हणावे? इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावी, जेथे सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये नोंदलेले असते आणि बांधावरचा व्यवहार मात्र अद्याप एकर-गुंठ्यांतच चालतो, तेथे उदाहरणांसाठी परगावी जाण्याचे प्रयोजन नाही.

पाचवीच्या मुलांनी दोरी धरून पटांगणात ३३ फूट बाजूचा चौरस आखावा. त्याचे क्षेत्रफळ १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा, आणि असे ४० गुंठे मिळून एकर, हे पायांनी मोजले की सहसा विस्मृतीत जात नाही. पुढे त्या ४३,५६० चौरस फुटांत १४ बाय १० फूट अंतराने डाळिंबाची किती रोपे बसतील, हा भागाकार मांडला की उत्तर ३११ येते आणि उरलेल्या वीस चौरस फुटांचे काय करायचे, हे मुले आपण होऊन विचारतात.

तथापि पाठांतरास रजा द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. पावकी, निमकी, दिडकी बाजाराच्या गरजेपोटी जन्मल्या; १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे शेर-मणही गेले, आणि गरज सरताच त्या मागे पडल्या. पाढे टिकवायचे असतील तर त्यांना काम द्यावे लागेल. म्हणून शिक्षण खात्याने, नावे झाकलेला सातबाऱ्याचा उतारा वर्गात वाचण्याची मुभा शिक्षकास द्यावी आणि परीक्षेत गावच्या शिवारातील एक उदाहरण सक्तीचे करावे.