घराआधी जागेची पाहणी

घर म्हणजे आमच्या समाजाला चार भिंती आणि वर पत्रा एवढेच नव्हे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या दृष्टीने स्वतःच्या नावावरचा एक गुंठासुद्धा स्वाभिमानाची गोष्ट असते. राहाता-शिर्डी पट्ट्यात शेतजमिनी बिगरशेती होऊन प्लॉट पडत आहेत. आपले कष्टकरी बांधव भिशी उचलून, दागिना मोडून तेथे जागा घेतात. घेताना पाणी, रस्ता, वीज, कागदपत्रे विचारतात. ते विचारलेच पाहिजे. पण आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवतो. आपल्या आधी या जागेवर कोण राहते?

हा प्रश्न साहेबी शौकाचा नाही, तो आपल्या धम्मातलाच आहे. भिक्खूने कुटी कशी बांधावी याचे नियम विनयपिटकात आहेत. जागा साफ करून त्याने संघाला कळवायचे. मग जाणत्या भिक्खूंनी ती प्रत्यक्ष पाहायची. तेथे मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू यांचे किंवा वाघ, बिबट्या, तरस यांचे वसतिस्थान असेल, तर ती जागा वर्ज्य. शिवाय कुटीभोवती बैल जुंपलेली गाडी फिरेल एवढी मोकळी जागा हवी. कोसंबी येथे छन्न नावाच्या भिक्खूने विहारासाठी लोकांच्या श्रद्धेचे झाड तोडले. लोकांनी तक्रार केली आणि तथागतांनी विहाराच्या जागेलाही पाहणीचा नियम घातला. अडीच हजार वर्षांपूर्वी आधी पाहणी आणि मग बांधणी, हा क्रम ठरला होता.

आजचा कायदा काय सांगतो? केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर, म्हणजे सुमारे दोन लाख पंधरा हजार चौरस फूट किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. गृहप्रकल्पांना जनसुनावणीतून मात्र सूट आहे. म्हणजे मोठ्या प्रकल्पात गावाला कोणी विचारत नाही आणि दोन-चार एकरांच्या प्लॉटिंगला ही मंजुरीच लागत नाही. लहान माणसाचे घर बहुधा अशाच प्लॉटवर उभे राहते.

कोणी म्हणेल, माणसाला निवारा नाही आणि पाखरांची चिंता कशाला? त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील माळढोकची गोष्ट आठवावी. 1979 साली सोलापूर आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोकसाठी 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. कर्जत, श्रीगोंदे, नेवासे तालुक्यांतील गावे, शेते, वस्त्या त्यात आल्या. माळ कोठे आणि वस्ती कोठे याचा बारकाईने हिशेब झाला नव्हता. जमिनीचे व्यवहार आणि बांधकामे अडली. तीन दशकांहून अधिक काळ गेल्यावर क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माणसांनी त्रास सोसला, आणि पक्षीही वाचला नाही. आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर नवल. पाहणी न करता बांधणे चूक, तसेच पाहणी न करता बंदी घालणेही चूक. दोन्हीची किंमत गरीब मोजतो.

मग पाहणी कशी करावी? एका दुपारी मोटारीतून चक्कर मारली म्हणजे पाहणी झाली नाही. तिन्ही ऋतूंत, पहाटे आणि संध्याकाळी जागा पाहावी लागते. बिळे, वारुळे, विष्ठा, पायांचे ठसे, जुन्या झाडांच्या ढोल्या, पडक्या विहिरी बघाव्या लागतात. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते. उन्हाळ्यात यंत्र फिरले की ती चिरडतात. बिबट्याची मादी उसात पिल्ले घालते. मेंढपाळ, ऊसतोड कामगार, शेतमजूर यांना हे सारे ठाऊक असते. त्यांना आधी विचारावे.

यात आपलाही स्वार्थ आहे. बिळे बुजवली की साप-उंदीर शेजारच्या घरात शिरतात, आणि आपली लेकरे जमिनीवर झोपतात. ओढा बुजवला की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उंबरठा ओलांडते. ओढ्याकाठची पट्टी सोडली, जुनी झाडे राखली, विणीचे महिने टाळून सपाटीकरण केले, तर घरेही होतात आणि जीवही वाचतात.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. गावातील झाडे, पशुपक्षी यांची लोक जैवविविधता नोंदवही तिने ठेवायची असते. आमची विनंती आहे की, राहाता तालुक्यातील प्रत्येक महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने ही वही मागून पाहावी. कोरी असेल तर आपल्या माहितीने भरावी. प्लॉट विकणाऱ्याला ती दाखवून विचारावे, ओढा कोठे सोडला? झाडे कोणती राखली? कागदावर उत्तर घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

आपल्याला कोणी न विचारता हुसकावले, तो इतिहास आपण विसरलेलो नाही. मुक्या जिवांच्या बाबतीत तरी तो आपल्या हातून घडू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!