नव्या जोडप्याचे चार दिवस



मागच्या आठवड्यात करवीर तालुक्यातल्या एका गावी खोडव्याची पाहणी करून बांधावर बसलो होतो. चहा आला आणि तात्यांनी विषय काढला, तो मात्र उसाचा नव्हता.

"साहेब, पोराचं लगीन मे महिन्यात हाय. आता म्हणतंय, लग्नानंतर बालीला जायचं. हे बाली कुठं आलं? आमच्या घरात असलं कोण कधी गेलंय काय?"

पोरगा खाली मान घालून काडीने पाचट उकरत होता.

तात्यांचा प्रश्न बऱ्याच घरांत असेल, म्हणून आज पिकाऐवजी याच विषयावर लिहितो.

माझे लग्न झाले तेव्हा आम्ही अंबाबाई, जोतिबा आणि नरसोबाची वाडी करून आलो. बरोबर सात पाहुणे होते. त्यानंतर मी फिरतीवर आणि ही घरच्या रगाड्यात. हिला समुद्र पाहायचा होता, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळले, तेही मुलीच्या शाळेची सहल मालवणला निघाली तेव्हा. अकरा वर्षे एका घरात राहून मी कधी विचारलेच नव्हते. म्हणून सांगतो, देवदर्शन आधी करावेच, पण त्यानंतरचे चार-आठ दिवस त्या दोघांचे असू द्यावेत. परक्या घरातून आलेल्या मुलीला नवऱ्याशी मोकळे बोलायला भरल्या घरात जागा मिळत नाही.

आता बेत कसा आखावा? पेरणीसारखाच, आधी पाऊस पाहून. बाली हे इंडोनेशियातले बेट, विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे आठ अंशांवर. तिथे साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि एप्रिल ते ऑक्टोबर उघाड. म्हणजे मे महिन्यातल्या लग्नाला ते सोयीचे. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर नैऋत्य किनाऱ्यावर पाऊस असतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमालीकडे उघाड असते. तुळशीच्या लग्नानंतर बार उडवणार असाल, तर डिसेंबर ते फेब्रुवारीत केरळ किंवा थायलंडचा पश्चिम किनारा चांगला.

बालीला गेलात तर शेतकऱ्याने पाहावे असे तिथे काही आहे. डोंगरउतारावर भाताच्या पायऱ्या आहेत आणि कुणी किती पाणी घ्यायचे हे शेतकऱ्यांची मंडळे ठरवतात. त्यांना 'सुबक' म्हणतात. पाणीवाटप देवळाशी जोडलेले असते. २०१२ साली युनेस्कोने ही शेते आणि ही पद्धत जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

तात्या म्हणाले, "म्हंजे तिथंबी पाण्यावरनं भांडणं?"

मी म्हटले, "भांडणं होऊ नयेत म्हणून तर देव मध्ये घातलाय."

दुसरी गोष्ट शेतीच्या कामाची. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत परत या. भाताची धूळवाफ पेरणी, सोयाबीनची तयारी कुणासाठी थांबत नाही. तेवढे दिवस म्हशींच्या धारा कोण काढणार, तेही आधीच ठरवा.

तिसरी गोष्ट पैशाची. पीककर्जाचा एक रुपयाही यात घालू नका. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात असतो, ते पैसे त्याच्या खता-पाण्याचे. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल मिळावे असा कायदा आहे. तरी बिल हातात पडेपर्यंत त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका. त्यापेक्षा डीजे आणि मानपानाचे आहेर कमी करा. तेवढ्यात भागत नसेल, तर गगनबावड्याचा घाट उतरून चार दिवस मालवण-तारकर्लीला जावे. कर्कवृत्त आपल्या बरेच उत्तरेला, मध्य प्रदेशातून जाते. म्हणजे आपण स्वतःच उष्ण कटिबंधात राहतो. माड, पोफळी आणि समुद्र एसटीच्या तिकिटात भेटतात. मात्र जूनच्या आत जा. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात.

परदेशी जायचे तर पासपोर्टचा अर्ज साखरपुडा होताच करा. कोल्हापुरातच त्याचे केंद्र आहे, पण पोलीस पडताळणीला वेळ जातो. मुलीचा माहेरच्या नावाचा पासपोर्ट लग्नानंतरही चालतो. फक्त तिकीट त्याच नावाने काढा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने उरलेली असावी. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकिटाआधी तपासा. एजंटाला सगळी रक्कम रोख देऊ नका. काय काय मिळणार ते लिहून घ्या आणि पावती घ्या.

आणि एक सांगणे कृषी खात्यातला माणूस म्हणून. येताना तिथले बी, रोप, कलम पिशवीत घालून आणू नका. परवाना आणि तपासणीशिवाय ते आणायला २००३ च्या आदेशाने बंदी आहे. २०१८ साली भारतात दिसलेल्या अमेरिकन लष्करी अळीने मक्याचे काय केले, ते तुम्ही पाहिले आहे. परकी कीड एकदा आली की परत जात नाही.

एवढे बोलून झाल्यावर मी पोराला विचारले, "बाली कुणी ठरवलं?"

"मित्र जाऊन आलाय, साहेब. फोटो बघितले."

"आणि तिला विचारलंस?"

पोरगा गप्प. तात्या माझ्याकडे बघू लागले, मग त्याच्याकडे. "अरे, फोन हाय न्हवं खिशात?" म्हणाले.

पोरगा उठून विहिरीच्या कडेला गेला. आमचा दुसरा चहा झाला, माझी वही भरून झाली, तरी तो बोलतच होता. तात्या हसून म्हणाले, "कुठं का जाईनात, बोलाय तर लागली."

मंडळी, बेताची सुरुवात तिथूनच करावी. पुढच्या अंकात खोडव्यातले पाचट न जाळता कसे कुजवावे, ते पाहू.