धायटी पुन्हा फुटते, म्हणून डोंगर जाळायचा का?

होळीच्या आसपास आपल्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, डोंगर पेटलेले दिसतात. कुणी गवत चांगलं यावं म्हणून लावतो, कुणी मोहाखालचा पाला साफ व्हावा म्हणून. वर म्हणतात, "धायटी बघा, जळून पण हिरवी होते. आगीनं काय बिघडतं?"

धायटी फुटते हे खरं. गवताची आग पटकन पुढे सरकते, जमिनीत दोन-तीन इंच खाली धग फार जात नाही. मुळं जिवंत राहतात, बुंध्यातून कोंब निघतात. पण ते कोंब मुळात साठलेल्या अन्नावर निघतात. दरवर्षी जाळलं तर ती साठवण भरायला वेळच मिळत नाही, झुडूप खुरटं राहतं.

बाकीचं नुकसान पण धरा. धायटीचा लाल फुलोरा याच दिवसात असतो. तो जळाला की मधमाशीचं खाणं गेलं, अरिष्टासाठी विकायची फुलं गेली. बियांची कोवळी रोपं मरतात. घाणेरी पण बुंध्यातून फुटते आणि मोकळी झालेली जागा धरते. उघड्या उताराची माती पहिल्या पावसात नाल्यात जाते.

माझं मत असं: मोहाखालचा पाला झाडून बाजूला ओढा, गवत कापून आणा, उन्हाळ्याआधी जाळरेषा काढा. आणि पावसाळ्यानंतर जळालेल्या व न जळालेल्या उतारावरची धायटीची नवी रोपं मोजून इथं लिहा.