खोदण्याआधी ढिवराला विचारा

आषाढाच्या सरी पडून गेल्या की तळ्याच्या कडेला, गवतातल्या उथळ पाण्यात एक तांबूस पुंजका हलताना दिसतो. ताटाएवढा. नीट पाहिलं की कळतं, ही मरळीची पिल्लं. एकदम वर येतात, हवा घेतात, एकदम खाली जातात. त्यांच्याखाली मोठी मरळ पहाऱ्याला असते. मला हे पहिल्यांदा दाखवलं माझ्या मैत्रिणीच्या आज्यानं. तो पुंजका दिसला की त्या बाजूला जाळं टाकायचं नाही, असा त्याच्या घरचा नेम होता. का, असं मी विचारलं तेव्हा त्यानं कारण सांगितलं नाही, गोष्ट सांगितली. पिल्लांसाठी उपाशी राहणाऱ्या मरळीची. ती ऐकल्यावर जाळं टाकायची कुणाची छाती होणार?

माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला आले, इथेच शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. मैत्रीण मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरची, माहेरच्या तळ्याच्या पाळीखाली राहणारी. चौथीनंतर तिची शाळा सुटली. गुरुजी तिला 'ढ' म्हणायचे. विज्ञानाच्या पेपरात माशाची आकृती काढून कल्ले, पर, खवले अशी नावं दिली म्हणून मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. तिला त्याच तळ्यातल्या पाणवनस्पतींचं सगळं ठाऊक होतं: देवधान कुठे उगवतं, गाद कुठल्या मातीत धरते, चिल्यात कुठला मासा लपतो. ते तिला कुणी विचारलंच नाही. पुढे मी तीस वर्षं शिकवलं. वर्गात मागच्या बाकावर बसलेलं पोर गप्प दिसलं की मला ती आठवायची.

आज हे लिहायला बसले त्याला कारण तिचा फोन. दोन वर्षांपूर्वी माहेरच्या तळ्याचं खोलीकरण झालं. पोकलेन आलं, पंधरा दिवसांत काम उरकलं. गाळ शेतात गेला, त्याचा बांध्यांना फायदाच झाला, ते मी नाकारत नाही. पण तळ्याच्या कडा सरळ कापल्या गेल्या. उथळ पाणी संपलं, त्याबरोबर गवत संपलं. दोन पावसाळे झाले, तांबूस पुंजका दिसला नाही. "मासोळी पान्यात नाही रायत, गवतात रायते," असं आजा म्हणायचा, त्याची तिनं फोनवर आठवण करून दिली. काम सुरू होण्याआधी तिच्या वाड्यावर कुणी विचारायला आलं होतं का, असं मी विचारलं. नाही.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. १९५१मध्ये मालगुजारी, म्हणजे जमीनदारीची पद्धत, संपली, तलाव सरकारचे झाले, आणि पाळ आणि पाणी सोडायचं तुडूम बघणारी गावातली जुनी व्यवस्था हळूहळू विस्कटली. तलाव गाळानं भरले, बेशरमच्या झुडपांनी वेढले. ते साफ व्हायलाच हवेत. माझं म्हणणं एवढंच, की तळं म्हणजे खड्डा नव्हे. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मरळ मात्र तळ्यातच वीण घालते. तिला उथळ कड हवी, पाणवनस्पती हवी, उन्हाळ्यासाठी एखादा खोल डोह हवा. कुठे किती खोदायचं हे ढिवराला तळपायानं कळतं.

याचा धडा आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गिरवला गेला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांना सोबत घेऊन तलाव जागे केले. बेशरम मुळासकट काढायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, पावसाचं पाणी आलं की पाणवनस्पती लावायच्या. कुठली वनस्पती कुठे लावायची, हे जुन्या जाणत्या ढिवरांनी सांगितलं.

अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचं नवेगावबांधही आपलंच. सरकारी वनाधिकारी म्हणून आलेला हा माणूस तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांचा स्नेही झाला, त्यांच्यासोबत आणि गोंड-ढिवरांसोबत जंगलात आणि तळ्यावर हिंडला. पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाला 'रातनिवारा' हा शब्द त्यांनी मराठीला दिला. १८ जून २०२५ रोजी ते सोलापुरात वारले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांचं ज्ञान मैत्रीतून आलं होतं. घाईत भरलेल्या तक्त्यातून तसं काही येत नाही. ज्यानं सोबत बसून चिलीम ओढली, पाऊस खाल्ला, त्यालाच आजा गोष्ट सांगतो. नवेगावच्या तलावाची पाळ बांधणाऱ्या कोलू पाटलाला लोकांनी कोलासूर म्हणून देव केलं, भोवतीच्या डोंगरांना सातबहिणी म्हटलं. पाणी जपणाऱ्याचं नाव विसरायचं नाही, याची ही गावाची रीत.

तेव्हा मागणी साधी आहे. कुठल्याही मामा तलावाचं काम काढण्याआधी पाळीवर बैठक घ्या. ढीवर, गोंड, गुराखी, मासे विकणाऱ्या बाया, सगळ्यांना बोलवा. त्यांचा दिवस बुडतो, म्हणून इंजिनिअरच्या भत्त्यासारखं त्यांनाही मानधन द्या. ते सांगतील ते नकाशावर उतरवा, आणि नकाशावर त्यांचं नाव लिहा. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती मागा. तळ्यातल्या गवतांची नावं त्यात आहेत का, बघा. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत महिन्यातून एक तास तरी अशा माणसाला खुर्ची द्या. खडू नको, फळा नको, त्याला मुलांना तळ्यावर नेऊ द्या.

मुर्रीला लागून गोंदिया शहर वाढतंय. आमच्या घरामागे एक बोडी, म्हणजे छोटं तळं, अजून शिल्लक आहे, अर्धी बेशरमनं व्यापलेली. मागच्या दिवाळीत मैत्रीण चार दिवस राहायला आली होती. लुगडं खोचून सरळ बोडीत उतरली. माझा नातू वही घेऊन काठावर बसला. ती एकेक काडी वर काढून नाव सांगायची, तो लिहायचा. एका नावापाशी त्याचं अडलं, कसं लिहायचं ते कळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मलाही ते नाव माहीत नव्हतं. मग तिनं ती काडीच त्याच्या वहीत ठेवली आणि पान मिटलं.