घरीं बांधलेलें विमान

विमान म्हटलें कीं मोठा कारखाना आणि शेंकडों कारागीर डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु अमेरिकेंत हजारों हौशी माणसांनीं मोटार ठेवण्याच्या खोलींत विमानें बांधून तीं आकाशांत उडविलीं आहेत. बर्ट रुटन या कल्पक अभियंत्याचें 'व्हॅरी-ईझी' विमान १९७५ सालीं प्रथम उडालें. हलक्या फोमचा ठोकळा तापलेल्या तारेनें पंखाच्या आकारांत कापावयाचा, त्यावर कांचतंतूंचें कापड पसरावयाचें व तें एपॉक्सी राळेंत भिजवून कठिण होऊं द्यावयाचें, ही त्याची रीत. पुढें 'ग्लासेअर', 'लॅन्सेअर' यांच्या संचांत साच्यांतून काढलेले भाग मिळूं लागले. गुळगुळीत अंगामुळें हीं विमानें लहान इंजिनावरही फार वेगानें जातात. रुटननेंच योजिलेलें, संमिश्र द्रव्यांचें 'व्हॉयेजर' विमान १९८६ च्या डिसेंबरांत कोठेंही न उतरतां व वाटेंत इंधन न घेतां नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलें.

असलें काम हौशी माणसाच्या हातीं द्यावें काय, असें कित्येक पालक विचारतील. द्यावें, असें आमचें मत आहे. तेथील नियमानुसार अशा विमानाचें निम्म्याहून अधिक काम बांधणारानें स्वतःच्या शिक्षणासाठीं अथवा मनोरंजनासाठीं केलेलें असावें लागतें. नियमानें शिक्षणाचें नांव आधीं घेतलें, हें आम्हांस योग्य वाटतें.

मात्र हें शिक्षण कठोर आहे. राळेचें प्रमाण चुकलें किंवा थरांत हवा राहिली, तर तो दोष रंगाखालीं झांकला जातो. परंतु नाहींसा होत नाहीं. १९९७ सालीं प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानजीक 'लाँग-ईझी' विमान कोसळून मरण पावले. तें त्यांनीं विकत घेतलेलें होतें. इंधनाची टाकी बदलण्याची मूठ मूळ आराखड्यांत वैमानिकाच्या पायांमध्यें होती. बांधणारानें ती त्याच्या खांद्यामागें, हात सहज न पोहोंचेल अशा जागीं बसविली होती. चौकशींत वैमानिकाच्या अपुऱ्या तयारीबरोबर या फेरबदलाचीही अपघाताच्या कारणांत गणना झाली. एकाच्या हातचें काम असें दुसऱ्याच्या जिवाशीं येऊन भिडतें.

पालकांनीं मुलांच्या हातांतील हत्यार काढून घेऊं नये. मात्र केलेल्या कामाची आंतली बाजू अवश्य पाहावी. आणि विद्यार्थिमित्रहो, चुकलेला थर कोणी पाहण्यापूर्वीं आपण होऊन खरवडून पुन्हा घालणें ज्यास साधलें, त्याच्याच हातचें विमान दुसऱ्यानें निर्धास्तपणें उडवावें.