११० गॅलन पाऊस

डेन्व्हरला आल्यावर पहिल्याच महिन्यात तूरडाळीने दगा दिला. पातेल्यात तासभर उकळली, तरी दाणा बोटाला टोचायचा. हे शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर. इथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. कुकर आणला, डाळ शिजली. मग ओठ फुटले, नाकातून रक्त आलं. बर्फ पडून गेल्यावरच्या लख्ख उन्हात चेहरा भाजून निघाला. थंडीत ऊन लागत नाही, ही पुणेरी समजूत तिथेच मोडली. पाण्याची बाटली, गॉगल, सनस्क्रीन, सगळं अंगवळणी पडलं.

नियमही पडले. बर्फ थांबल्यावर २४ तासांत घरासमोरचा फुटपाथ आपणच साफ करायचा. उन्हाळ्यात सकाळी १० ते संध्याकाळी ६ लॉनला पाणी घालायचं नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे छपरावरचा पाऊस. कोलोरॅडोत २०१६पर्यंत बहुतेक घरांना तो साठवायलाच बंदी होती, कारण त्या पाण्यावर खालच्या अंगाला कुणाचा तरी जुना हक्क असतो. आता दोन पिंपांची परवानगी आहे, मिळून ११० गॅलन, म्हणजे साधारण ४१६ लिटर. माझ्या मामाचं गाव मुळशी धरणाच्या काठावर. आषाढात त्याच्या पागोळ्यांखाली एवढं पाणी चहा होईस्तोवर जमतं.

आम्ही मराठी मंडळी हे सगळं बिनबोभाट पाळतो. नव्याने आलेल्याला समजावतो, "इथलं असंच असतं रे, जुळवून घ्यायचं." यात वाईट काहीच नाही. माझं भांडण पुढे आहे.

दिवाळीनंतर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुळशीतल्या एका प्लॉटचा फोटो आला. लेक व्ह्यू, स्विमिंग पूलला जागा, पुण्याहून गाडीने जाऊन येण्याजोगं अंतर. कुणीतरी विचारलं, शेतजमीन असेल तर आपल्याला घेता येते का? नाही येत. परदेशस्थ भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, तसा कायदाच आहे. दोन मिनिटांत उत्तर आलं, "सासऱ्यांच्या नावावर घेऊ." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. इथे पिंपातलं पाणी मोजून साठवणारे हेच लोक!

आणि तो 'लेक' म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. तिथे गावं होती, आंबेमोहराची खाचरं होती. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ती बुडणार म्हणून १६ एप्रिल १९२१ला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यातून 'सेनापती' झाले. (हा माणूसही परदेशी शिकून आलेला, एडिनबर्गला. तोही जुळवून घेण्याबद्दल काहीतरी शिकला असेलच.) कितीतरी जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या, आणि त्यांनी शेवटी भरपाई पत्करली. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे, जरूर वाचा. धरण झालं. पाणी घाट उतरून भिऱ्याला गेलं, वीज मुंबईला गेली. मे महिन्यात मामी अजून डोक्यावरून हंडा आणते, आणि धरण तिला अंगणातून दिसतं.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. माझ्या नळाचं बरंचसं पाणी डिलनच्या धरणातून येतं, डोंगराखालच्या ३७ किलोमीटरच्या बोगद्यातून. १९६३ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणासाठी जुनं डिलन गाव उठवलं, थडग्यांसकट. हे कळल्यावर लॉनच्या वेळा पाळणं मला शिस्त वाटेनासं झालं. ती त्या गावाची देणी आहेत, आणि फार स्वस्तातली आहेत.

मग मुळशीची देणी कुठे गेली? तिथे उतरलो की आम्ही नियम विचारत नाही, नियम सांगतो. कोंबडा लवकर आरवतो, शेणाचा वास येतो, रेंज नाही. शनिवारी रात्री डोंगराला ऐकू जाईल असा डीजे. पूल भरायला बोअर, आणि शेजारची विहीर आटली की पाऊस कमी झाला म्हणायचं. मामाची गुरं ज्या वाटेने पाण्यावर जायची, तिच्यावर आता फाटक आहे आणि फाटकावर इटालियन नाव. मामाला ते वाचता येत नाही. तो वळसा घालून जातो. त्याच्याच गावात, साठीनंतर, त्याने जुळवून घेतलं.

कुणी म्हणेल, जमीन गावकऱ्यांनीच विकली ना! विकली. मामानेही वीस गुंठे विकले, मुलीच्या लग्नासाठी. पण त्याने जमीन विकली, वाट विकली नव्हती. तेवढा फरक आपल्याला कळत नाही असं नाही. डेन्व्हरात पावसाच्या थेंबावर कुणाचा हक्क आहे हे कळतं, तर मुळशीत पायवाटेवर कुणाचा आहे हेही कळेल.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की प्लॉट घेणार असाल तर आधी तिथे एक मे महिना राहा, आणि फाटकाला कुलूप लावू नका. कुणी उत्तर दिलं नाही. तासाभराने त्याच प्लॉटचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ आला. खालच्या कोपऱ्यात, फाटकापाशी, दोन म्हशी थांबलेल्या दिसत होत्या.