उसनी मते आणि एक जपानी प्राध्यापक

इंग्रजी साहित्याच्या उत्तरपत्रिकेत आपण एक वाक्य हमखास लिहितो : ‘थोर समीक्षकांच्या मते ही एक श्रेष्ठ कविता आहे.’ ती आपल्याला कशी वाटली, हे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. हा दोष फक्त आपल्यासारख्या नवशिक्यांचा, असे मला वाटे. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रश्नाने एका जपानी प्राध्यापकाची झोप उडवली होती. त्यांचे नाव नात्सुमे सोसेकी.

जग सोसेकींना ओळखते ते ‘कोकोरो’सारख्या कादंबऱ्यांमुळे. १९८४ पासून वीस वर्षे जपानच्या हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. परंतु कादंबरीकार होण्यापूर्वी ते इंग्रजीचे अध्यापक होते, आणि माझ्या मते त्यांचे मोठे धाडस त्या काळातलेच आहे.

जन्म १८६७ चा, एदोतला, म्हणजे आजच्या तोक्योतला. तान्हेपणीच त्यांना दुसऱ्या घरी दिले गेले. पोरवयात चिनी अभिजात ग्रंथ वाचले आणि साहित्य म्हणजे काय याची एक कल्पना मनात रुजली. पुढे विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकून १८९३ मध्ये पदवी घेतली, तरी या साहित्याने आपल्याला फसवले, अशी रुखरुख राहिलीच. चिनी भाषेत ज्याला साहित्य म्हणतात आणि इंग्रजीत ज्याला म्हणतात, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे त्यांना वाटू लागले.

१९०० साली सरकारने त्यांना लंडनला पाठवले. शिष्यवृत्ती वर्षाला अठराशे येन, ती तिथे अपुरी पडे. विद्यापीठातील व्याख्याने त्यांनी काही महिन्यांतच सोडली. क्रेग या शेक्सपिअरच्या अभ्यासकाकडची शिकवणीही वर्षभराने सुटली. मग पोटाला चिमटा काढून पुस्तके घ्यायची, खोलीत कोंडून घेऊन वाचायची आणि टिपणे काढायची, एवढेच उरले. त्यांना वेड लागले, अशी वार्ता मायदेशी पोचली.

हा अट्टहास कशासाठी? इंग्रज समीक्षक एखाद्या कवितेला उत्तम म्हणतो आणि मला ती तशी वाटत नाही, तर मी काय करावे? मान डोलवावी? १९१४ च्या एका व्याख्यानात त्यांनी सांगितले की, ‘स्वतःला केंद्रस्थानी ठेवणे’ हा अर्थ सांगणाऱ्या चार अक्षरांनी त्यांना बळ दिले. मात्र ‘मला आवडले नाही’ म्हणून थांबणे त्यांना मान्य नव्हते. मतभेद का होतो, त्याची मुळे चालीरीतींत, भावनांत कुठे आहेत, हे शोधणे ते आपले काम समजत.

त्यातूनच १९०७ चा ‘बुन्गाकुरोन’ म्हणजे ‘साहित्यसिद्धान्त’ हा ग्रंथ आला. साहित्याचा आशय म्हणजे मनात ठसलेली एक प्रतिमा किंवा कल्पना आणि तिला चिकटलेली भावना, अशी त्यांची मांडणी आहे. हे मला समजले ते एका पाखरामुळे. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेतील कुकू पक्ष्याचा आवाज कवीला बालपणीच्या आनंदात घेऊन जातो. त्याच कुळातला आमचा पावशा मृगाच्या आधी ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडतो, तेव्हा वडील आभाळाकडे बघतात आणि बियाण्याच्या पैशांचा हिशेब मांडतात. पाखरू जवळचे, भावना किती दूरची! मी परीक्षेत मात्र ‘आनंद’ एवढेच लिहून आले.

१९०३ मध्ये लाफ्काडिओ हर्न या लोकप्रिय अध्यापकाच्या जागी सोसेकी तोक्योच्या विद्यापीठात आले. त्यांची रुक्ष चिकित्सा विद्यार्थ्यांना रुचली नाही. १९०७ मध्ये मानाची नोकरी सोडून ते ‘असाही’ वृत्तपत्रात गेले. १९११ मध्ये सरकारने दिलेली डॉक्टरेटही त्यांनी नाकारली. आपला सिद्धान्तग्रंथ फसला, असे ते स्वतःच म्हणत. ग्रंथ फसला असेल. प्रश्न फसला नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्यांना धड इंग्रजी येत नाही त्यांनी कसली मते मांडायची?’ आक्षेप रास्त आहे. सोसेकींनी हा अधिकार वर्षानुवर्षांच्या वाचनाने मिळवला होता. आळसाला स्वतंत्र मत म्हणता येणार नाही. पण उसनी मते पाठ करूनही तो अधिकार कधी मिळणार नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. पायरीवर चपलांबरोबर पावशाही काढून ठेवायचा असेल, तर वर्गात शिरते ती कोण?

म्हणून प्राध्यापकांना नम्र विनंती आहे : चाचणी परीक्षेत एक तरी प्रश्न असा विचारा, ज्याचे उत्तर कोणत्याही गाईडमध्ये नसेल. आणि मित्रमैत्रिणींनो, तो आला, तर आपण तो ऑप्शनला टाकू नये.

— द्वितीय वर्ष, कला